रिक्षाच्या मापाचं गॅरेज

गॅरेज रंगवायचं असेल तर आतून बाहेर रंगवत यावं, बाहेरून आत जाऊ नये. हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा मी आतल्या टोकाला होतो.

झालं काय, की शटर वर केलं, डबा उघडला आणि उत्साहात दारापासूनच सुरुवात केली. उजवी भिंत थोडी, डावी भिंत थोडी, घोडा पुढे सरकवायचा, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. घोडा म्हणजे रंगारी ज्यावर चढून काम करतात ती चार पायांची लाकडी शिडी. तासा-दीड तासात बारा फूट संपले. शेवटचे कोपरे मारायला घोड्यावरून आतल्या बाजूला उतरलो, कोपरे मारले, कमरेवर हात ठेवून कौतुकानं मागे वळलो आणि तसाच उभा राहिलो. माझ्या आणि शटरच्या मध्ये घोडा. घोड्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट, आणि फटीपलीकडे ओला पांढरा प्रायमर, उजवीकडेही आणि डावीकडेही. घोडा ढकलत बाहेर न्यावा तर त्याचे पाय दोन्ही भिंती खरवडत जाणार. वरून परत जावं तर उतरताना कसाबसा चुकवलेला पत्रा चढताना थेट डोक्याला. खालून जावं तर मध्ये आडवी पट्टी, आणि पट्टीच्या उंचीला नेमकं माझं पोट.

"अहो, जेवायला वाढू का?" बायकोनं, म्हणजे मनीषानं, घरातून विचारलं.

"वाढ. पण मला यायला जरा वेळ लागेल."

"किती?"

मी डब्यावरचं वाचलं. "दोन तास."

ती ओढणीला हात पुसत शटरपाशी आली. तिनं डावी भिंत बघितली, उजवी बघितली, घोडा बघितला, आणि सगळ्यांत शेवटी मला.

"आत कसे गेलात?"

"रंगवत."

"आणि बाहेर कसे येणार होतात?"

ती काही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "गाडी आणलीत तेव्हापण हेच केलंत," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

गाडीचं खरंच तसं झालं होतं. काही वर्षांपूर्वी मी जुनी, छोटीशी गाडी घेतली. आपल्याला काय, घरचं गॅरेज आहे, असं ऑफिसात सगळ्यांना पेढे देत सांगितलं. गाडी घरी आणली, शटर वर केलं, दोन्ही आरसे मिटवले, श्वास रोखला, आणि तरी ती आत गेली नाही. मी गॅरेज मोजलंच नव्हतं. ज्या गॅरेजात लहानाचा मोठा झालो ते मोजायचं कसलं? तेव्हापासून गाडी गल्लीत ताडपत्रीखाली उभी असते आणि सेक्टरमधल्या मांजरी तिच्या आडोशाला बाळंत होतात.

पाच मिनिटांनी मनीषा ताट घेऊन आली. ते जमिनीवर ठेवलं आणि लादी पुसायच्या वायपरनं घोड्याखालून माझ्या दिशेनं ढकललं. वालाची उसळ, भात, पापड. श्रावण चालू असल्यामुळे मासेही नाहीत. तुरुंगात निदान ताट हातात देत असतील, असं काहीतरी मी पुटपुटलो. बाहेर बारीक पाऊस होता. डब्यावरचे दोन तास ज्यानं छापले त्यानं आयुष्यात कधी चारकोपचा श्रावण बघितलेला नाही. आमच्याकडे ह्या दिवसांत मीठ वाटीतल्या वाटीत वाहतं, आणि धुतलेले बनियन तिसऱ्या दिवशी फक्त कंटाळून सुकल्यासारखे दाखवतात.

आमचं गॅरेज मोटारीच्या मापाचं नाही, ते एका रिक्षाच्या मापाचं आहे. बाबांची गिरणी बंद पडली आणि त्यांनी रिक्षा घेतली. आमचं घर ओळीतलं शेवटचं, त्यामुळे कडेला एक अरुंद पट्टी मोकळी होती. कागदावर ती काय आहे हे विचारू नका, आम्हीही विचारत नाही. बाबांनी टेपबिप काही आणली नाही. पट्टीत रिक्षा उभी केली, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडली आणि गवंड्याला म्हणाले, "बांध." शिंपी कापड अंगावर धरून बेततो, तसं ते गॅरेज रिक्षाच्या अंगावर बेतलं. आत गेल्यावर रिक्षातून उतरायला जागाच उरत नसे, म्हणून बाबा बाहेरच इंजिन बंद करायचे आणि रिक्षा समोरून ढकलत ढकलत मागे न्यायचे. एवढं करूनही चाकाच्या उंचीवर दोन्ही भिंतींना ग्रीसचा एक एक काळा पट्टा उमटला. रिक्षा विकून जमाना झाला. पट्टे तिथंच. मी त्यांच्यावर सकाळी प्रायमर मारला, आणि जेवण होईपर्यंत ते प्रायमरमधून पुन्हा वर आले होते, अंधुक, आणि मला वाटलं की जरासे खवचट.

रिक्षा गेल्यावर गॅरेजात सगळं आलं. जादा सिलिंडर, बिघडलेला मिक्सर, माझ्या व्यायामाची सायकल, पाहुण्यांच्या गाद्या. पण गणपतीच्या आधी दोन आठवडे हे सगळं घरात येतं, आम्ही त्याच्यावरून उड्या मारत फिरतो, आणि गॅरेज रिकामं होतं. कारण आमचा गणपती गॅरेजात बसतो.

आमच्याकडे, मालवणाकडच्या घरांत, गणपती यायच्या आधी त्याच्या पाठची भिंत दर वर्षी नव्यानं रंगवतात. बाकी घर रंगलं नाही तरी चालेल, ती एक भिंत रंगलीच पाहिजे. गावच्या घरी माझे मोठे काका ती रंगवायचे आणि वर मोर, वेली, कमळं काढायचे. इथं चारकोपात ती भिंत बाबांची. कितीतरी वर्षं त्यांनी ती दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. रंग ते स्वतः आणायचे, कागदात गुंडाळून, आणि कुठला ते सांगायचे नाहीत. एका वर्षी आकाशी, एका वर्षी पोपटी. एका वर्षी असा काही गुलाबी, की शेजारच्या साळवेकाकू प्रसादाला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बारसं आहे की काय?"

आणि दर वर्षी त्या भिंतीचे पोपडे पडायचे. रंग कुठलाही असो, दुकानदार कोणीही असो. चतुर्थीपर्यंत कसाबसा तग धरायचा, मग समयांची ऊब, माणसांची गर्दी, ओली हवा, आणि आरतीच्या ऐन वेळी वरून एक पोपडा सुटायचा. गंमत अशी, की पोपडे भिंतीच्या खालच्या भागातच सुटत. साधारण माझ्या डोक्याच्या वर वीतभर एक रेघ कल्पावी, तिच्या वरचा रंग ठणठणीत आणि खालचा सगळा सुटायला आलेला. ओल जमिनीतून चढते, हे त्यावरचं आमचं शास्त्र. पोपड्याखाली पिवळट काहीतरी दिसायचं, ते ओलीचे डाग, हेही शास्त्रच.

ह्या शास्त्राची किंमत मनीषानं मोजली. नैवेद्याचं ताट भिंतीला लागून. लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षीपासून तिच्या मोदकांवर पोपडे पडतायत. आधीच त्या मोदकांना माझ्या आईच्या परीक्षेतून जावं लागे. आई ताटातला मोदक उचलून उजेडात धरायची आणि कळ्या मोजायची. "नवच काडलंस गो?" मग मोदक खाली ठेवून, "बरे झालेत," असं अशा आवाजात म्हणायची की ते बरे झालेले नाहीत हे गल्लीच्या टोकापर्यंत कळावं. पुढच्या वर्षी मनीषानं दहा काढल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही दहा. अकरा कधी झाल्या ते मला ठाऊक नाही, कारण आई जाऊन आता सहा वर्षं झाली आणि त्यानंतर आमच्याकडे कळ्या कोणी मोजत नाही. पोपडे मात्र पडतात.

गेल्या वर्षापासून बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. ब्याऐंशी वय. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरतात, आणि आपण ते बघितलंच नाही असं दाखवायचं असतं. म्हणून यंदा भिंत माझ्याकडे आली. आणि भिंत माझ्याकडे आल्यावर मी ठरवलं, की हे पोपड्यांचं प्रकरण कायमचं मिटवायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. पाठच्या भिंतीवर प्लॅस्टिकचे पॅनल बसवायचे, पांढरे, संगमरवरासारख्या रेघांचे. ओल नाही, रंग नाही, फडक्यानं पुसलं की झालं. आधी भिंत विटेपर्यंत घासायची आणि मग पॅनल. मनीषा तर पॅनलचा नमुना हातात घेऊन बसली होती, लग्नाचं पातळ बघावं तशी.

फक्त बाबा. ते शटरच्या बाहेर, पत्र्याच्या आडोशाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून एकच वाक्य बोलत राहिले.

"घासू नको रे सुध्या. वरसून मार."

"बाबा, वरून मारून मारून तर ही वेळ आली."

"वरसून मार नि गप रव."

हे तीन दिवस. सकाळी पेपर वाचताना, दुपारी औषध घेताना, संध्याकाळी गल्लीतल्या कुणाशी बोलता बोलता मध्येच. पॅनलवाला माप घ्यायला आला तर त्याला म्हणाले, "हयसर बसाचे नाय. भिंत वाकडी असा." भिंत अजिबात वाकडी नाही. त्यानं पट्टी लावून दाखवली. बाबा म्हणाले, "पट्टी वाकडी असात." तो बिचारा रविवारी बसवायला येतो म्हणून घाईनं निघून गेला. मी इतका चिडलो की बाबांशी बोलायचंच बंद केलं. म्हणजे दोन तास. त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

तर असा मी, रविवारच्या तीन दिवस आधी, दोन ओल्या भिंती आणि एक घोडा ह्यांच्या पाठी, रिकामं ताट बाजूला ठेवून, उलट्या बादलीवर बसलो होतो. मोबाईल घरात. समोर ती पाठची भिंत, नाकापासून हातभर अंतरावर. करायला काही नसलं की माणूस काय करतो? नखं कुरतडतो. मी भिंत कुरतडायला लागलो.

गेल्या वर्षीचा मोरपंखी एका झटक्यात आला. खाली आधीचा आकाशी. त्याच्याखाली फिका जांभळा, तो मला आठवतच नव्हता. मग तो गुलाबी, बारशाचा. चमच्याची मागची बाजू लावली तर थर एकमेकांना धरून निघायला लागले, वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यासारखे. कड बघितली की बारीक बारीक रंगीत रेघा. माझं लग्न त्या पोपटीच्या वर्षी. अबोली त्या वर्षीचा, जेव्हा आमच्या मुलीनं मूषकाच्या पुढ्यातला लाडू खाऊन टाकला आणि आई तिच्याऐवजी मला ओरडली. माणसांचे फोटो अल्बममध्ये असतात. आमच्या वर्षांचे सालपापुद्रे असे नखात येत होते, आणि मला त्या क्षणी हळवं वगैरे काही वाटत नव्हतं. पाठ दुखत होती आणि मूत्रविसर्जनाचा प्रश्न हळूहळू उभा राहत होता.

सगळ्यांच्या तळाशी पिवळा लागला. डाग नव्हे, रंग. चकचकीत. चमचा त्याच्यावरून नुसता घसरत होता. मी नख लावलं, काही निघेना. वास घेतला. इतक्या वर्षांनी वास कसला राहतोय, पण मला आला. ऑइलपेंट. आणि ऑइलपेंटवर पाण्यातला डिस्टेंपर कधी धरत नाही, हे मी तीन दिवसांत इतक्या व्हिडिओंत ऐकलं होतं की झोपेत सांगितलं असतं. म्हणजे ओल नव्हतीच. इतकी वर्षं आम्ही जमिनीतल्या पाण्याला शिव्या देत होतो, आणि दोष होता ह्या एका थराचा. मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो आणि डोकं मागच्या घोड्याला आपटलं. शनिवारी रिमूव्हर आणायचा, हा पिवळा विटेपर्यंत काढायचा, रविवारी पॅनल. संपलं.

आणखी थोडा सोलला. पिवळ्यावर एक काळी कमान दिसली, मग तिच्या शेजारी दुसरी. मला वाटलं रिक्षाच्या टायरचा डाग. पण टायरचा डाग भिंतीवर छातीच्या उंचीला कसा येईल?

टायर. मग आठवलं.

त्या वर्षी मी नववीत होतो. श्रावणात लिंक रोडला बाबांची रिक्षा उलटली आणि त्यांचा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये गेला. घर म्हणजे तेव्हा दहा बाय बाराची एक खोली, वर पोटमाळा. त्या खोलीत खाटेवर बाबा, आणि घरातल्या एकुलत्या एक स्टुलावर उशी, आणि उशीवर तो पांढरा पाय, घरात नवीन आलेल्या फर्निचरसारखा. तोपर्यंत आमचा गणपती गावाला, काकांकडे. बाबांनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. गिरणीत असताना बदलीचं मिळालेलं काम सोडून जायचे. त्या वर्षी त्यांनी छताकडे बघत सांगितलं, "ह्या वर्साक माका देव नाय." त्यानंतर चिडचिडही बंद केली, आणि तेच घाबरवणारं होतं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या भाजताना आई म्हणाली, "तुमका जाऊक येणा नाय, तर तो येतलो." हातात एक दिवस होता. शेजारचे साळवेकाका, तेही रिक्षावाले. त्यांनी आणि आईनं आमची चेपलेली रिक्षा ढकलून बाहेर काढली. आईनं सोड्याच्या पाण्यानं जमिनीचं तेल घासलं. साळवेकाका त्यांच्याच रिक्षातून मूर्ती आणायला गेले, मांडीवर मूर्ती घेऊन मी मागे. गणपतीच्या डोक्यावर माझी शाळेची छत्री. आम्ही परत आलो तर गॅरेजातून असा वास येत होता, की साळवेकाकांनी गणपतीसकट मला बाहेरच थांबवलं.

पाठची भिंत रंगवायचीच होती, आणि घरात रंग एकच होता. गणपतीनंतर रिक्षाचं पासिंग होतं, म्हणजे सरकारी तपासणी, त्यासाठी बाबांनी आधीच आणून ठेवलेला पिवळा आणि काळा. आईनं भिंत रिक्षाच्या पिवळ्यानं रंगवली होती आणि मध्यभागी काळ्यानं कमळ काढलं होतं. तिला चित्र काढता येत नसे.

मग साळवेकाका आणि आणखी दोघांनी बाबांना साळव्यांच्या घरच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून शटरपाशी आणलं. पाठोपाठ स्टूल, स्टुलावर पाय. बाबा बराच वेळ बघत होते.

"हो रंग खंयचो?"

"रिक्षाचो," आई म्हणाली.

"पासिंगाचो?"

"होय."

"वा! आता देवाक मीटर बसव!"

"बसवतंय," आई म्हणाली. "पाय मोडून घराक इलात, तेव्हा माका इचारलात?"

साळवेकाका हसायला लागले. बाबा हसले नाहीत. "नि मध्ये हो टायर कसलो?"

"कमळ असा ता. पटत नाय तर पुढल्या वर्साक घासून काडा."

पाच दिवस तो गणपती ओल्या ऑइलपेंटच्या पुढ्यात बसला. पताका भिंतीला चिकटल्या. दूर्वा, अगरबत्ती आणि टर्पेंटाइन असा तो वास. आजही एखाद्या नव्या गेटजवळून जाताना टर्पेंटाइन नाकात गेलं, की माझे हात टाळ्या वाजवायला उठतात. देवाला मीटर बसवण्याचा विनोद आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालला. एकदा आणलेला गणपती मग दर वर्षी येत राहिला. पण ते पिवळं अजून तिथंच असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी धरून चाललो होतो, की बाबांनी पुढल्या वर्षी ते घासून काढलं असणार. तेच तर म्हणाली होती ती.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा दुपारची झोप संपवून आले होते, आणि शटरच्या चौकटीला धरून आत बघत होते. मला वाटलं, आता आपल्या अडकण्यावर काहीतरी फटकारा येणार.

"सगळो काडलंस?"

बाबा असे विचारत नाहीत. बाबा सांगतात. तो आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता, आईच्या ऑपरेशनच्या वेळी, डॉक्टर बाहेर आले तेव्हा.

"नाही," मी म्हणालो. "नुसता वरचा."

"सर बाजूक."

मी सरलो. खांदा प्रायमरला टेकला, टेकू दिला. बाबा घोड्याच्या फटीतून बघत राहिले. मी सोललेला तुकडा असेल उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा. त्याच्यात अर्धं कमळ, आणि वर, जिथं पिवळा संपत होता, तिथं ब्रशचे फराटे वेडेवाकडे, ताणून मारलेले. त्याच्या वर नुसता चुना.

"थंयसरच पावलो तिचो हात," बाबा म्हणाले. "स्टूल माझ्या पायाखाली होता."

म्हणजे ती रेघ. ओल तिथपर्यंतच चढते म्हणून आम्ही मान हलवत होतो, ती टाचा उंच करून उभ्या असलेल्या माझ्या आईची उंची होती.

"बाबा, ऑइलपेंटवर डिस्टेंपर धरत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"एकवीस वर्षां रिक्षा रंगवलंय मी. तू माका सांगतंस?"

"मग दर वर्षी का..."

"घासूक सांगलेलां तिणा." त्यांनी चौकटीवरचा हात बदलला. "एकदा घासूची पत्री घेऊन उभो रवलंय. जमला नाय."

"मग?"

"मग काय? वरसून मारलंय."

पडू दे पोपडे, असं काही ते म्हणाले नाहीत. त्यांना तशी वाक्यं येत नाहीत. मला मात्र माझा संताप आला. तीन दिवस एक म्हातारा माणूस त्याच्या सगळ्या आयुष्यातलं जे सांगण्यासारखं होतं ते दोन शब्दांत सांगत होता, आणि मी त्याला व्हिडिओ दाखवत होतो. विटेपर्यंत घासायला निघालो होतो. कायमचं मिटवायला.

प्रायमर सुकायची वाट मी सोडून दिली. घोडा धरला आणि सरळ ढकलत बाहेर काढला. त्याच्या पायांनी दोन्ही ओल्या भिंतींवर शटरपर्यंत दोन लांब ओरखडे ओढले, जवळजवळ त्या जुन्या ग्रीसच्या पट्ट्यांवरूनच. बाबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"आता कसा गॅरेज दिसता," ते म्हणाले.

मनीषाला सांगायचं मला धैर्य होत नव्हतं. पंचवीस वर्षं जिनं मोदकांतून रंग वेचला, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की पोपडे पडणारच आहेत, आणि आम्ही ते मुद्दाम पाडणार आहोत? तिला गॅरेजात नेलं आणि नुसतं दाखवलं. पिवळं, अर्धं कमळ, वरचे ताणलेले फराटे. रिक्षाच्या रंगाची गोष्ट तिला माहीत होती, घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ती पहिल्याच गणपतीत ऐकवली जाते. ती पुढे झाली, हात वर करून त्या फराट्यांपर्यंत पोचतोय का बघितलं. बोटभर कमी पडला. टाचा उंच केल्या. मग आत गेली, आणि आतून तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "दादा, रविवारी याच. पण ती भिंत राहू दे. किचनच्या ओट्यामागचं माप घ्या."

तर पॅनल किचनला लागले, आणि खरं सांगायचं तर झकास दिसतात. बाबांनी आकाशी मागवला. त्यांचा आग्रह होता की प्रायमर नको, घासणं नको, काही नको. सुरुवात त्यांनी केली. ब्रश दोन्ही हातांनी धरला, कप धरतात तसा, आणि कमळाच्या वरून दोन हात फिरवले. थरथरत मारल्यामुळे ढगासारखं काहीतरी झालं. मग ब्रश माझ्याकडे दिला आणि खुर्चीत बसून उरलेली भिंत तोंडानं रंगवली. "थंय ऱ्हवला. थंय नाय, थंय. डोळे खंय असत तुझे?" बाजूच्या भिंतींवरचे ओरखडे मी दोनदा बुजवले. ते दोनदा परत आले. ह्या गॅरेजात कोणी कोणाचं काही ऐकून घेत नाही.

चतुर्थीला दुपारी आरती झाली. गॅरेजात चौदा माणसं, म्हणजे रिक्षाच्या जागेत चौदा माणसं, एकमेकांच्या श्वासावर. साळवेकाकू दारात, बाबा खुर्चीवर, समया पेटलेल्या. मनीषानं एकवीस मोदकांचं ताट भिंतीला लागून ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि नमस्काराला वाकली. कापूर फिरत असताना मी भिंतीकडे बघत होतो, बाबा भिंतीकडे बघत होते, आणि देवाकडे बहुतेक साळवेकाकू एकट्याच बघत होत्या. गणपतीच्या उजव्या कानाच्या वर आकाशी रंगाला एक बारीक फोड आली. फुगली. मग एका कडेनं सुटली आणि तळहाताएवढा पोपडा अलगद खाली आला, सरळ ताटात, वरच्या मोदकावर. भिंतीवर तेवढा पिवळा, आणि पिवळ्यात काळी एक पाकळी.

बाबांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले होते. सगळे मनीषाकडे बघत होते.

तिनं दोन बोटांनी पोपडा उचलला आणि पदराच्या टोकात बांधला. मग तोच मोदक उचलून त्या पिवळ्या तुकड्यासमोर, समईच्या उजेडात धरला.

"घ्या मोजून, आई," ती म्हणाली. "अकरा आहेत."